साबण्याची साक्ष

चर्चच्या मंडळीत त्याला सगळे साबण्या म्हणत आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. तीस वर्षं लोकांच्या गालांना फेस लावणाऱ्या माणसाला दुसरं म्हणणार तरी काय? चर्चच्या मागच्या गल्लीत त्याचं दोन खुर्च्यांचं केशकर्तनाचं दुकान होतं. त्यातली एक खुर्ची वर यायचं विसरून कायमची खाली बसली होती. ती उंच गिऱ्हाइकांसाठी मुद्दाम मागवली आहे, असं तो नवख्या माणसाला ठोकून देई.

दर गुरुवारी दुपारी तो दुकान बंद करी. वस्तरा, ब्रश, साबणाची वाटी आणि तुरटीचा खडा एका पत्र्याच्या डब्यात भरून मंडळीतल्या चार माणसांबरोबर भेटींना निघे. या भेटी देवापासून लांब असलेल्यांच्या. बस स्थानकाच्या पायऱ्यांवर पडून असलेले, सरकारी दवाखान्यातले बेवारस, दारूपायी घर घालवलेले, कधीकाळी चर्चला येऊन नंतर तोंड फिरवलेले. बाकीचे हातात पवित्र शास्त्र घेऊन जात, हा डबा घेऊन. त्याचं म्हणणं साधं होतं. ज्याच्या चेहऱ्याला महिनोन्‌महिने कुणाचा हात लागलेला नाही, त्याला आधी हात तर लागू दे. प्रभूचं नाव मागाहून निघालं तर निघालं. आणि ते निघायचंही. कोमट पाण्याचा टॉवेल तोंडावर ठेवला की भले भले आडदांड गडी त्या टॉवेलच्या आत हुंदके देत.

असा दुसऱ्यांच्या दारात सढळ असलेला हा माणूस एका दाराकडे मात्र बावीस वर्षांत फिरकला नव्हता. ते दार त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाचं होतं.

चर्चचे नवे पाळक तरुण होते. आल्या आल्या त्यांनी मंडळीची जुनी वही काढली आणि गळालेल्या नावांवर बोट ठेवत गेले. एका नावावर ते बोट थांबलं.

"साबणकाका, हे आडनाव तर तुमचंच."

"थोरला भाऊ माझा. छापखान्यात होता. देव मानत नाही तो."

"आता कसे आहेत?"

"अर्धांगाचा झटका आलाय, असं कानावर आहे. चार महिने झाले."

पाळकांनी चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं. "चार महिने? आणि आपण बस स्थानकावर जातो, काका?"

साबण्याने ती वही हळूच मिटली.

पुढच्या गुरुवारी तो एकटाच गेला. तिसरा मजला, अरुंद जिना, दर वळणावर कुणाच्या तरी चपलांचा ढीग. दार वहिनीने उघडलं. बावीस वर्षांपूर्वीची तरतरीत बाई कुठल्या कुठे गेली होती. समोर उभी होती ती कंबरेत वाकलेली, एक हात चौकटीवर टेकलेली म्हातारी. त्याला बघून तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही की आनंद आला नाही.

"या भाऊजी. बूट बाहेरच राहू द्या."

दादा खिडकीजवळच्या कॉटवर उशांना टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर कुणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखा पडलेला. दाढी वाढून छातीपर्यंत आली होती. तोंड एका बाजूला ओढलं होतं आणि शब्द ओल्या कापडातून पिळून निघावेत तसे निघत होते, पण डोळे तेच होते. छापखान्यात उलट्या अक्षरांतली चूक लांबून हेरणारे.

"देवाकडून आलास... की दुकानातून?"

"दुकानातून."

"मग बस."

त्या दिवशी दाढी करायला पाऊण तास लागला. ओढलेल्या गालाची कातडी ताणून धरावी लागत होती. दादाने डोळे मिटून घेतले होते. लहानपणी याच माणसाने साबण्याला सायकल शिकवली होती, शाळेत त्याच्यावरचा मार स्वतःवर घेतला होता. वस्तरा गळ्यावरून फिरत असताना साबण्याच्या मनात आलं, की या माणसाने काहीही ठाऊक नसताना आपला गळा माझ्या हातात दिलाय. वस्तरा जरासा जास्त टेकला. तीस वर्षांत कधी नव्हे ते हनुवटीखाली बारीक रक्त आलं.

"हात म्हातारा झाला तुझा," दादा म्हणाला.

तेव्हापासून तो दर गुरुवारी जाऊ लागला. दादा त्याची टर उडवी. "काय, आज किती मेंढरं गोळा झाली?" असं विचारी. साबण्या देवाचं नाव काढत नसे. पाळक विचारत, "बीज पडतंय का काका?" तर तो म्हणे, "अजून केसच पडतायत, पाळकसाहेब."

पण जाता-येता एक गोष्ट त्याच्या नजरेत भरली आणि मग तिथून हलेना. दादा वहिनीशी बोलत नसे. पाणी हवं असलं तर "पाणी" म्हणे. खिडकी लावायची असली तर खिडकीकडे बघे. वहिनी त्याला भरवी, पुशी, कुशीवर वळवी, आणि तो तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत राही. आजारपणाने माणूस चिडचिडा होतो म्हणावं, तर ही चिडचिड नव्हती. घरात दुसरी खोली होती आणि तिथे वहिनीची कॉट होती. त्या कॉटवरची गादी एकाच माणसाच्या मापाची दबलेली होती, आणि ती काही चार महिन्यांत तशी दबलेली नव्हती.

एकदा तो फेस करत असताना दादाच म्हणाला, "तुझ्या देवावर राग नाही माझा. जो नाहीच... त्याच्यावर कसला राग?" मग थांबून, श्वास घेऊन त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे डोळे वळवले. तिथे भांडी वाजत होती. "हिच्यावर आहे. आई होती ती. पोर तडफडत होती... आणि ही बसून राहिली. म्हणे वाटलं पोटदुखी आहे. जाईल."

साबण्याच्या हातातला ब्रश वाटीतच राहिला.

दादाची भिंगरी तेव्हा सहा वर्षांची होती. खरं नाव तिचं वेगळंच, पण एका जागी उभी म्हणून राहत नसे, म्हणून भिंगरी. ते दिवस असे होते, की साबण्या नुकताच विश्वासात आला होता. आधीचा तो पिणारा, पत्ते कुटणारा होता. प्रभूने त्याला चिखलातून उचललं होतं आणि त्याला वाटत होतं, आता जगात प्रार्थनेने होणार नाही असं काही उरलेलंच नाही. दादा छापखान्याच्या कामासाठी दोन दिवस परगावी गेला होता. सकाळी भिंगरीचं पोट दुखू लागलं. दुपारी ती गुडघे पोटाशी घेऊन कण्हू लागली, तेव्हा वहिनी धावत दुकानात आली. "भाऊजी, गाडी बघा. दवाखान्यात न्यायला हवं."

आणि त्याने काय केलं? त्याने दुकान बंद केलं, प्रार्थनेच्या गटातल्या तिघांना घेतलं आणि घरी आला. वहिनीला म्हणाला, "विश्वास ठेवा. डॉक्टरांच्या आधी मोठ्या डॉक्टराकडे जाऊ." वहिनी दोनदा उठली. दोन्ही वेळा त्याने तिला बसवलं. एकदा तर तो दाराशी आडवा उभा राहिला. चारच्या सुमारास भिंगरीचं दुखणं एकाएकी थांबलं. ती घामाने निथळली, शांत झाली, पाणी मागून प्यायली. खोलीतली माणसं गुडघ्यांवर पडून रडली. संध्याकाळच्या सभेत साबण्याने उभं राहून साक्ष दिली, की माझ्या पुतणीला प्रभूने माझ्या डोळ्यांदेखत बरं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंगरी गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलं, की आतडं फुटलं की काही वेळ दुखायचं थांबतं.

दादा आला तेव्हा वहिनी भिंतीकडे तोंड करून बसली होती. त्याने विचारलं, वेळेवर का नेलं नाहीस? साबण्या तिथेच उभा होता, हातभर अंतरावर. वहिनी म्हणाली, "मला वाटलं, साधी पोटदुखी आहे." तिने साबण्याकडे बघितलंही नाही. त्याने तोंड उघडलं, आणि मिटलं. दफनाच्या वेळी मंडळीतलं कुणीतरी दादाला म्हणालं, की देवाची इच्छा. त्या दिवशी दादाने चर्च सोडलं ते सोडलंच.

बावीस वर्षं साबण्याने शेकड्यांनी परक्या माणसांची तोंडं धुतली होती. लोक म्हणत, काय माया आहे या माणसाच्या हाताला. तो माया करत होता हे खरं. पण कशातून पळत होता, हेही त्याला पुरतं ठाऊक होतं.

"दादा," तो म्हणाला, "वहिनी बसून नव्हती राहिली. ती स्वतः धावत आली होती. दुपारी एक वाजता."

दादाच्या गालांना फेस होता. त्याने डोळे उघडले.

"तिला न्यायचं होतं दवाखान्यात. मी जाऊ दिलं नाही. मी दारात उभा राहिलो. ती दोनदा उठली, दादा, दोनदा. मी म्हटलं, प्रार्थना करू."

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. वहिनी हात पुसत दारात आली. तिने सगळं ऐकलं होतं.

दादा बराच वेळ साबण्याकडे बघत राहिला. मग त्याने मान वळवली आणि बायकोकडे बघितलं. तिच्या खांद्यावरून पलीकडे नव्हे, तिच्याकडे.

"खरं?"

तिने फक्त मान डोलावली.

"मला... का नाही..."

"तुम्हाला एकच भाऊ होता," वहिनी म्हणाली. "नुकता माणसांत आलेला. तुम्ही त्याला जिता सोडला नसता. आणि मला वाटलं, आई मी होते. ढकलून का नाही गेले त्याला? ते तर खरंच होतं ना?"

दादाच्या घशातून आवाज निघाला, तो रडण्याचा की हसण्याचा ते कळेना. डाव्या हाताने त्याने साबणाची वाटी उडवली. ती भिंतीवर आपटून गरगरत राहिली.

"जा," तो म्हणाला. "जा. जा."

साबण्या डबा तिथेच टाकून जिना उतरला. मोकळं वाटेल असं त्याला वाटलं होतं. पण तळमजल्यावर पोचला आणि तो शेवटच्या पायरीवरच बसला. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी वाट काढून घेतली.

चौथ्या दिवशी दादाला दुसरा झटका आला. जीव वाचला, पण वाचा गेली. त्या मधल्या तीन दिवसांत नवरा-बायकोत काय बोलणं झालं, किंवा झालंच नाही, हे साबण्याला कळायला मार्ग नव्हता.

पुढच्या रविवारी सभेत पाळकांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का. साबण्या उठला. त्याने सगळं सांगितलं. पोरीचं, दाराचं, टाळ्यांचं, बावीस वर्षांचं. आवाज न चढवता, गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसं सांगितलं. सांगून तो उभाच राहिला. त्याला वाटलं, आता कुणीतरी उठेल. त्या प्रार्थनेच्या गटातल्या तिघांपैकी दोघं अजून हयात होते, समोरच बसले होते. कुणीतरी ओरडेल, बाहेर काढेल, निदान थुंकेल तरी.

पहिल्या बाकावरच्या आजीबाई उठल्या आणि त्यांनी त्याला मिठी मारली. "प्रभूने क्षमा केली रे तुला," त्या म्हणाल्या. मग दुसरे आले. पाठीवर हात पडू लागले. कुणीतरी गाणं धरलं. बघता बघता सगळं चर्च गाऊ लागलं, आणि मधोमध साबण्या उभा होता. त्याला क्षमा करणाऱ्या या चांगल्या माणसांतलं एकही भिंगरीचं कुणी लागत नव्हतं. गाणं संपायच्या आत तो बाहेर पडला.

पाळक मागून आले. "काका, थांबा. चुकलं का काही?"

"नाही हो. फार स्वस्तात पडलं, एवढंच."

पाळकांनी मान खाली घातली. उपदेश केला नाही, हे त्यांचं चांगुलपण. 

आठवड्याने वहिनीचा निरोप आला. दुकानात येऊन शेजारीण सांगून गेली. बाईंची कंबर गेलीय, माणूस उचलला जात नाही, भाऊजींना जमलं तर यावं. साबण्या त्याच पावली निघाला.

"त्यांच्यासाठी नाही बोलावलं," दार उघडताच वहिनी म्हणाली. "तुमच्यासाठी तर नाहीच नाही. माझ्यानं होत नाही म्हणून बोलावलं."

"हो वहिनी."

मग तो रोज सकाळी दुकान उघडण्याआधी जाऊ लागला. दादाच्या काखांत हात घालून त्याला उचलून धरायचा, आणि वहिनी चादर बदलायची. पाठ पुसायची, पावडर लावायची, कुशीवर वळवायची. दादाचे डोळे उघडे असत, पण ते कुठे बघत आहेत हे सांगता येत नसे. दाढी मात्र वहिनी करू देत नव्हती. "ते 'जा' म्हणाले होते," ती म्हणायची. "आता त्यांना विचारता येत नाही." ते तिने पाळलं.

एकदा चादरीच्या दोन टोकांना दोघं उभी असताना ती म्हणाली, "तुम्ही मोकळे झालात, भाऊजी."

"नाही वहिनी."

"झालात. सांगून टाकलंत. माझ्याकडे तेवढं एकच होतं. लपवलेलं. मनात म्हणायचे, मी ह्यांचा भाऊ राखला. ह्यांना नाही कळणार, पण मी राखला. तेवढ्यावर रेटलं सगळं." तिने चादरीचं टोक गादीखाली खोचलं. "तेही तुम्ही नेलंत. आणि मिळालं काय? तीन दिवस ते माझ्याकडे बघत राहिले. जीभ वळत होती, तरी बोलले नाहीत. मला वाटलं, बोलतील. उद्या बोलतील. त्यांना बहुतेक सुरुवात कुठून करावी ते सुचत नसावं."

साबण्याने आपल्या बाजूचं टोक खोचलं. 

शेवटच्या आठवड्यात दादाची डावी बोटं हलू लागली. वहिनी कॉटजवळ आली, की बोटं चादरीवर सरकत, थोडी पुढे, थोडी मागे. ती हातातलं काम टाकून बघत उभी राही. एकदा तिने आपला हात त्या बोटांशेजारी ठेवला. बोटं थांबली. तिने हात काढला, बोटं पुन्हा हलली. बोलवत होती की दूर सारत होती, काही समजेना. डॉक्टरने बघून सांगितलं, शिरा उडतात, अर्थ लावू नका.

दादा गेला तो सकाळी साडेआठला. साबण्याने त्याला उचलून धरलं होतं आणि वहिनी पाठीवरून ओला फडका फिरवत होती. साबण्याच्या खांद्यावर टेकलेलं डोकं जड झालं. हे काम करता करता माणूस दुसऱ्याच्या अंगाचं वजन ओळखायला शिकतो. तरी तो तसाच उभा राहिला.

"पुसून होऊ द्या," वहिनी म्हणाली. तिलाही कळलं होतं. तिने पाठ पुरी पुसली, कोरडी केली, मग त्याला खाली ठेवायला सांगितलं.

दादाने शुद्धीत असताना लिहून ठेवलं होतं, की प्रार्थना नको, पाळक नको. पाळक आले आणि कबरस्तानाच्या फाटकाबाहेर टोपी हातात घेऊन शेवटपर्यंत उन्हात उभे राहिले. आत पाऊल टाकलं नाही. छापखान्यातली पाच-सहा माणसं होती. माती लोटली. 

दोन दिवसांनी साबण्या कॉट हलवायला गेला. खिडकीपाशी कॉटच्या पायांच्या चार खुणा फरशीवर उमटल्या होत्या. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता तिने विचारलं, "भाऊजी, तुम्ही जवळून बघितलंत. ती बोटं. मला बोलवत होते का हो?"

एका 'हो'ने काम झालं असतं. ते तोंडाशी आलंही. मंडळीतल्या कुणीही ते म्हटलं असतं, प्रेमाने म्हटलं असतं. पण या घरातलीच एक न दिसलेली गोष्ट त्याने एकदा, सभेत उभं राहून, दिसली म्हणून सांगितली होती.

"मला नाही माहीत, वहिनी."

ती बराच वेळ शर्टाची बाही सरळ करत राहिली. तिला रडू आलं नाही. "बरं," ती म्हणाली.

त्याने कॉट भिंतीला लावली, खिडकी उघडली, अंथरुणाचं गाठोडं खाली नेऊन टाकलं. वर येऊन दाराशी बूट घालताना त्याने प्रभूचं नाव घ्यायचा प्रयत्न केला. एवढ्या वर्षांची सवय. पण शब्द ओठांपर्यंत येऊन पडले, आणि त्याने ते पडू दिले.

"आता रोज यायचं कारण नाही," वहिनी आतून म्हणाली.

"नाही येत."

"रविवारी या. सकाळचे." ती थोडी थांबली. "रविवार जाता जात नाही."

रविवार सकाळ म्हणजे चर्चची वेळ. "येतो," तो म्हणाला.

आणि तो गेला. तिने चहा केला. दोघं दोन खुर्च्यांवर बसली, मधे कॉटची रिकामी जागा.  खाली रस्त्यावरून चर्चला जाणारी माणसं बोलत चालली होती. बारा वाजेपर्यंत ती दोघं तशीच बसून होती. मग तिने त्याचा न प्यालेला चहा उचलला, मोरीत ओतला, आणि दुसरा ठेवते म्हणाली.